दहा उठाबशांचा सौदा

माझ्या मावससासूबाईंनी भाव न करता जगातली एक जरी गोष्ट कबूल केल्याचं कुणी दाखवून द्यावं, मी मिशा उतरवीन! बायकोची ही मावशी सातपाटीची. उभा जन्म पालघरच्या बाजारात मासे विकतेय. लेकीच्या लग्नात तिनं भटजींशी घासाघीस करून मुहूर्तसुद्धा दहा मिनिटं अलीकडे ओढला होता. आणि मानी किती! उठताना कुणी हात पुढे केला की म्हणायची, "हात म्हातारीला दे."

गेल्या पावसाळ्यात ती तापानं महिनाभर अंथरुणात होती. बरी झाली, पण पाय लटपटायला लागले. खुर्चीतून उठता येईना, तर म्हणे खुर्चीच बुटकी झालीय! बाजारात तिची जागा राखायला शेजारणीनं तिथे टोपली पालथी घालून ठेवली होती, पण तीही दिवाळीपर्यंतच. पुढे तिथे दुसरी कोणी बसणार. त्या धास्तीनंच मावशी माझ्याबरोबर डॉक्टरकडे आली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, पाय दाबून पाहिले. "वय आहेच, पण तुम्ही महिनाभर पडून राहिलात आणि खाल्लं काय, तर चहा-बटर! मांड्यांचे स्नायू झिजलेत. जीवनसत्त्वंही कमी आहेत. गोळ्या देतो, मासे-अंडी खा, आणि रोज हात न टेकता खुर्चीतून दहादा उठा."

"दहा? चार लाव!"

"दहाच."

"पाच. सकाळची वेळ हाय, बोहनी कर."

अखेर सहावर सौदा पटला. मी दर रविवारी बोईसरहून मोजायला जायचो. पहिल्या रविवारी जेमतेम दोन झाल्या, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. पण चांगलं पापलेट गिऱ्हाइकाला आणि मोडकं घरात, हा जन्माचा नेम तिनं मोडला आणि मधला तुकडा स्वतः खाल्ला! दिवाळीच्या तोंडावर तर बारा उठाबशा काढल्या.

"दहा तुज्या डॉक्टरच्या. दोन वर घातल्या!"

मग बाजार! टोपली रिकामी झाली आणि मावशी बुटक्या पाटावरून कशालाही न धरता ताडकन उठली. कोळणींनी एकच गिल्ला केला. मला तर रडूच आलं.

रिक्षाकडे निघताना तिनं आधाराला गुपचूप माझ्यापुढे हात केला.

"आता तर उठता येतंय की!"

"येतंय म्हणून तं मागते, जावय. येत नवतं तवा लाज वाटायची."

रिक्षा समोरच उभी होती. मी मुद्दाम रस्त्यापलीकडची केली.