मल्हारराव बस चालवतात, पण नाना कुठेच दिसत नाहीत

"पहिली आखाजी शे. नानानी घागर भरनी शे. ताई, तुले येनंच पडी," धाकट्या भावाचा, सुनीलचा फोन आला आणि मी बॅग काढली. आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. सासरी नांदणाऱ्या मुली माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात आणि घरातल्या वारलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. नाना म्हणजे आमचे वडील. यंदा घागर त्यांची होती, म्हणून जायचंही होतं आणि पाय निघतही नव्हता.

पुण्याहून रेल्वेने जळगाव गाठलं. तिथेच पिंप्राळ्यात मामेबहिणीकडे अंघोळ-नाश्ता उरकला आणि उन्हं चढायच्या आत स्टँडवर जायला रिक्षा पकडली. तुम्ही या दिवसांत येणार असाल तर रुमाल, कांदा आणि पाण्याची बाटली विसरू नका. इथलं ऊन पाहुणा म्हणून कुणाला सोडत नाही. सिग्नलला शेजारी एक मुलगी स्कूटरवर थांबली. डोळ्यांपर्यंत स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे, नजर सरळ पुढे. दिवा हिरवा होण्याआधीच तिने दोन ट्रकच्या मधून गाडी घातली. मी पुटपुटले, "चांदबिबी!"

हा खेळ नानांचा. ते प्राथमिक शाळेत गुरुजी होते. एसटीत मी कंटाळले की कानात म्हणायचे, "त्या कोपऱ्यातला बघ, कोण असेल?" इतिहासातली माणसं कुठे जात नाहीत, कपडे बदलून आपल्यातच फिरतात, असं त्यांचं म्हणणं. कपडे बघू नकोस, चाल बघ, हा एकच नियम. त्यांना सापडलेला मलिक अंबर, तो पाण्याच्या नहरी बांधणारा, नळदुरुस्तीवाला होता, आणि गावातल्या सगळ्या पाइपलाइनी त्याला तोंडपाठ होत्या.

अमळनेरची बस मिळाली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बस माहेरवाशिणींनी गच्च भरली होती. ड्रायव्हर धिप्पाड, मिशीवाला. आरडाओरडा करून म्हशींचा अख्खा कळप त्याने रस्त्यावरून हटवला. हे मल्हारराव होळकर, यात शंकाच नव्हती. अमळनेर स्टँडवर उतरून गावच्या बसची वाट बघत बाकावर बसले, तिथे पांढऱ्या सुती साडीतल्या एक बाई कोरड्या पाणपोईपाशी उभ्या राहून कंट्रोलरला शांतपणे विचारत होत्या, "उन्हाळ्यात पाणी नाही, मग कधी असणार?" तो बिचारा उठून पाणी भरायला गेला. अहिल्याबाई! आवाज न चढवता. मी हसून शेजारी वळले, सांगायला. बाकावर शेजारी माझीच बॅग होती. खरं सांगते, तिथे मला फार एकटं वाटलं.

गावात पोचले तेव्हा भावजयीची, वर्षाची मांड्यांची घाई चालली होती. पालथ्या खापरावर एवढी मोठी, रुमालासारखी पातळ पुरणपोळी, सोबत आंबरस. एवढ्यासाठी तरी आखाजीला खानदेशात याच. घागर भरून झाली होती, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं होतं. अडलं होतं ते पितरापाशी. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या जागी नात्यातल्या एकाला पाटावर बसवतात, गंध लावतात आणि पोटभर जेवू घालतात. पण सुनीलने सांगायला उशीर केला आणि भावकीतले सगळे म्हातारे दुसऱ्यांच्या घरी पितर म्हणून बसून गेले होते.

"आते कोनले बठाडाना?" सुनील डोकं धरून बसला.

एवढ्यात वर्षाचा मावसभाऊ योगेश चोपड्याकडून केळीचा टेम्पो घेऊन आला आणि पाणी प्यायला दारात थांबला. जीन्स, गॉगल, कानात ते इवलंसं यंत्र.

"याले बठाडा," वर्षा म्हणाली.

"मी? मी ते जीन्सवर शे ना अक्का!"

"नानाले चाली. बस."

मला चालणार नव्हतं. वाटेत दिसेल त्याला मी राजा-राणी करत आले होते, पण नानांच्या जागी कुणीच नको होतं. या पोराला ना नानांची चाल, ना आवाज. रागारागाने मी वाढायला घेतलं. तो गॉगल खिशात ठेवून मांडी घालून बसला, खाली मान घालून जेवू लागला. पितराला आग्रह करायचा असतो आणि तो नावानेच करायचा असतो, असं वर्षाने खुणावलं.

मांडा हातात घेऊन मी म्हटलं, "नाना, आजून एक ल्या ना."

"वाढ, माय," तो म्हणाला.

मी वाढलं. मग पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा. भात, भजी, रस, जे हाताला लागेल ते. शेवटी तो काकुळतीला आला, "बास वो, टेम्पो चालाडना शे!" सगळे हसले. मी रडत होते आणि हसतही होते.

परतीला धुळ्याहून पुण्याची बस घेतली. आधी तिथल्या देवपुरात शेवभाजी खाल्ली, झणझणीत, नक्की खा. बसमध्ये पुष्कळ माणसं होती, पण खेळ खेळले नाही.

पुण्यात भिंतीवर नानांचा फोटो आहे, चेहरा मला पाठ आहे. आठवण येत होती ती 'नाना' अशी हाक मारण्याची, आणि समोरून कुणीतरी ओ देण्याची. गावात एका दुपारी ती ओ मिळाली, केळीवाल्या पोराच्या तोंडून का होईना. आता पुढच्या आखाजीपर्यंत ही हाक घशात घेऊनच राहायचं आहे.