शाळेच्या फाटकात मांडलेला फळा

माझ्या धाकट्या बहिणीला कोणाचंच पटत नाही. देवाला मानणाऱ्यांचं नाही, न मानणाऱ्यांचं नाही, आणि माझं तर अजिबातच नाही. मी सातवी शिकलेला शिंपी, पण गावातल्या दोन्ही शाळांचे गणवेश माझ्याच हातचे. सरकारी शाळेचे आणि धर्माच्या शाळेचेही. शिवण उसवलेली दाखवा, दुकान तुमच्या नावावर करतो.

बहिणीला शिकवलं तेही मीच. वडिलांनी तिला धर्माच्या शाळेत घातलं होतं. तिथे दुपारपर्यंत पाठांतर आणि उरलं तर गणित. एक दिवस घरी आली, डोक्यावरचा रुमाल काढला, घडी करून वडिलांच्या पुढ्यात ठेवला. "मी हा घालणार नाही आणि त्या शाळेत जाणार नाही." घर डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. मीही दोन शब्द बोललो, मोठा भाऊ आहे मी. पण दुसऱ्या दिवशी हात धरून सरकारी शाळेत नाव घातलं ते कोणी? मीच. आज ती तिथेच गणिताची बाई आहे, आणि माझं दुकान त्याच शाळेच्या फाटकासमोर.

तर यंदा नियम आला. सरकारी शाळेत धर्माची खूण चालणार नाही, रुमाल घातलेल्या मुलींना फाटकातून परत पाठवा. मला वाटलं, बाई खूश होणार. जन्मभर हेच तर बोलत आली! कसलं काय. हेडमास्तरांना म्हणाली, "मी नाही अडवणार."

मी कपाळाला हात लावला. "अगं, ज्या रुमालापायी तू वडिलांशी भांडलीस, त्याच्यासाठी आता नोकरी घालवतेस?"

"दादा, तेव्हा घाल म्हणून जबरदस्ती होती, आता काढ म्हणून आहे. आणि इथून परत पाठवलेली पोरगी घरी बसत नाही, त्या शाळेत जाते. तिथलं गणित मी भोगलंय."

हेडमास्तर म्हणाले, काहीतरी तोड काढा, नाहीतर सातवीचा वर्ग दुसऱ्याला देतो. तोड काढायला मी बसलोय ना! गणवेशाच्याच निळ्या कापडाचे रुमाल शिवले. काठाला दुहेरी शिवण. गणवेशाचाच भाग झाला की खूण कसली राहिली? आणि भेदभाव नको म्हणून वर्गातल्या सगळ्या मुलींना दिले. हेडमास्तरांनी पाठ थोपटली. "डोकं आहे हो तुम्हाला!" ते मला आधीच माहीत होतं.

आठवडा सरला नाही तोच बहीण दुकानात वाघिणीसारखी आली. मागे शाळेची गाडी चालवणाऱ्याची मुलगी. ही पोरगी कधीच रुमाल घालत नव्हती, आता डोक्यावर माझा निळा. डोळे सुजलेले.

"सांग दादाला," बहीण म्हणाली.

"बाबा म्हणाले, आता शाळेनेच दिलाय, आता तुझी नाटकं नकोत."

"ऐकलंस? जिने मोठ्या मुश्किलीने नाही म्हटलं होतं, तिचं ते ‘नाही’च तू शिवून टाकलंस!"

"शिवण सरळ आहे की नाही ते बघ आधी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शाळा भरताना तिने मला फाटकात उभं केलं आणि हेडमास्तरांदेखत आयाबापांना सुनावलं, "निळा रुमाल शाळेचा नाही. माझ्या दादाचं डोकं फिरलं होतं. जिला घालायचाय तिने आपला घालावा, जिला नको तिला कोणी सांगू नये. बापानेही."

गाडीवाला तिथेच उभा होता. "बाई, माझ्या घरात तुम्ही पडू नका."

"पडत नाही. पण शाळेचं नाव पुढे करू नका. तुमचं म्हणणं असेल तर तुमच्या नावाने सांगा तिला."

हेडमास्तर चडफडले. "बाई, झाकली मूठ होती हो! आता नियम तो नियम. रुमालवाल्या बाहेर."

"ठीक आहे. बाहेर तर बाहेर."

आणि दोन्ही बाजूंनी लिहायचा फळा उचलून आणला की हो! फाटकाच्या मधोमध उभा केला. रुमालवाल्या मुली बाहेर, बाकीच्या आत, फळा दोन्हीकडच्यांना दिसतो. नियम मोडला नाही आणि एकही मुलगी त्या शाळेत गेली नाही. हेडमास्तरांनी वर तक्रार केलीय. नोकरीचं काय होतं देव जाणे. हे तिच्यासमोर म्हणायची सोय नाही, लगेच विचारते, "कुठला देव?"

आता बाहेरच्या मुली माझ्या दुकानाच्या पायऱ्यांवर बसतात. गिऱ्हाइकाने आत यायचं कुठून? माझी टेप भूमितीला जाते, ती परत येत नाही. निळे रुमाल फळा पुसायला लागले. दुहेरी शिवणीचे!

गाडीवाला आपल्या गाडीला टेकून उभा असतो. पोरगी आतल्या बाजूला पहिल्या रांगेत, डोकं उघडं. परवा तिने गणित सोडवलं, तेव्हा त्याने तोंड फिरवलं, पण गाडी काही हलवली नाही.

"दादा, खडू संपला!" बहीण फाटकातून ओरडते.

"हा कापडाचा खडू आहे, फळ्याचा नाही!"

"दे रे!"

दिला. माझ्या खडूची रेघ बघा एकदा येऊन. त्या फळ्यावर इतकी सरळ रेघ कधी आली नव्हती.