‘याच्या खाली देणार नाही’

मित्रहो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितो.

अमरावतीत बसून मी संत्र्याच्या बागा, म्हणजे झाडावरचा उभा माल, विकायचं ॲप बनवलं. त्यात शेतकरी आपला शेवटचा भाव, म्हणजे ज्याच्या खाली तो देणार नाही तो, भरतो. तो व्यापाऱ्याला कळायचा नसतो.

आज शोभाकाकूंचा फोन आला. "बापू, बेपारी बरोबर माह्या शेवटच्या भावावरच अडून बसला! तो भाव मले अन् सलीमलेच माहीत होता. त्यानंच तं ॲपात भरून देल्ला." सलीमभाई त्यांचे शेजारी. त्यांनीच भाव फोडला म्हणून काकूंनी त्यांना भर चौकात नाही नाही ते सुनावलं होतं.

मी कोड उघडला. व्यापाऱ्याच्या फोनवर कोणती माहिती जावी, ते एकेक करून लिहायचं असतं. मी कंटाळा केला, सिरियलायझर नावाच्या त्या यादीत ‘सगळे फील्ड्स’, म्हणजे भरलेली सगळीच माहिती, असं लिहून मोकळा झालो. स्क्रीनवर भाव दिसत नव्हता, पण माहितीसोबत जात होता. जाणकारानं तो तिथून काढला असणार.

ओळ दुरुस्त केली. काकूंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता कोनत्या तोंडानं जाऊ सलीमकडे?"

सलीमभाई माझाही फोन उचलून नाही राहिले. आणि ॲपवर बाग काही एकट्या काकूंचीच नाही. बाकीच्यांनी कोणाकोणाला सुनावलं असेल?