वादळाचं गाठोडं

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही धड नाही. पण चाळीस वर्षं होडी चालवली, तेव्हा दोरी आणि गाठ मला कुणी शिकवू नये, असं माझं मत. ते मी बदललेलं नाही.

आमची मंडळी बाजारात मासळी विकते. घरातली सुती चादर विरली, अभ्रा फाटला, की ती टाकत नाही. उकळते, कडक उन्हात वाळवते, पट्ट्या फाडून गुंडाळ्या करते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरते. घड्या घातलेले जाड तुकडे वेगळे. फक्त पांढरं कापड. याला ती म्हणते वादळाचं गाठोडं. एकदा इंजिन पुसायला मी त्यातली गुंडाळी घेतली, तर चार दिवस माझ्या ताटात नुसत्या शेपट्या आल्या. मी कोळीवाडाभर सांगत फिरलो की आमच्याकडे चिंध्यांचं दुकान निघालंय.

मागच्या वादळात सकाळीच वारा सुटला. ती नको म्हणत असताना मी छपराचा पत्रा आवळायला चढलो. पत्रा उचकटला आणि माझी पोटरी चिरून गेला. कसाबसा ओटीवर उतरलो, तर रक्त थांबेना. मी खुंटीवरची जाळ्याची दोरी ओढली आणि गुडघ्याखाली करकचून बांधली. आम्हा दर्यावरच्या माणसांना एवढंच कळतं, काही सुटलं की आवळायचं.

ती डबा घेऊन आली. दोरी बघून म्हणाली, "ती सोडा."

"सोडली तर रक्त जाईल."

"न्हाय सोडली तर पाय जाईल. रस्त्यावर झाडं पडल्यात. अलिबागचं इस्पितळ आज गाठायचं न्हाय."

मी हललो नाही. मग जाड घडी जखमेवर ठेवून तिने अंगाचा सगळा भार दिला आणि एका हाताने मासळीच्या कोयतीने दोरी कापली. पहिली घडी भिजली, ती तिने काढली नाही, वर दुसरी ठेवली. मी बदल म्हटलं, तर तिने गप्प बसायला सांगितलं. बराच वेळ तशीच दाबून बसली. मग पट्टी गुंडाळली आणि मला कापड दाखवलं. लाल डाग वाढत नव्हता. रंगीत फडक्यात हे दिसलं नसतं.

मासळी कापताना बोट कापलं की बाजारातल्या बाया असंच करतात म्हणे. इतकी वर्षं ती हे घरी घेऊन येत होती, मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी लोकांनी झाडं तोडली आणि आम्ही इस्पितळात पोचलो. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि विचारलं, घरात नर्स आहे का? मी छाती फुगवून म्हटलं, आमची मंडळी, शाळेची पायरी न चढलेली. मग त्यांना गुडघ्याखालचा वळ दिसला. इथे दोरी आवळलेली दिसते, ती रात्रभर राहिली असती तर पाऊल वाचलं नसतं, म्हणाले. कुणी बांधली?

"जाळ्यात पाय अडकला त्यांचा," ती म्हणाली.

कालची मासळी आजची म्हणून खपवणं सोडलं, तर ही बाई खोटं बोलत नाही. डॉक्टरांकडे बघून बोलली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "अडकला न्हाय, डॉक्टर. मीच बांधली. सोडत पण नव्हतो."