तंबाखूच्या हातचा घास

माझी मुलगी नऊ महिन्यांची होत आली तेव्हा सासूनं मला मुदत घातली.

"शाळा उघडायच्या आत पोरीला आमच्या ताटातलं खाता आलं पाहिजे. आलं तर जा नोकरीवर. नाय आलं तर तिला घेऊन घरी बस. मी विड्या वळू का तिची खळ शिजवत बसू?"

खळ म्हणजे नागलीचं, नाचणीचं सत्त्व. नागली भिजवायची, मोड आणायचे, सावलीत वाळवायची, दळायची आणि पातळ फडक्यातून गाळायची, हे सगळं मी माहेरी शिकले होते. त्याची पेज मुलगी आवडीनं खायची. सासूला मात्र ती कागद चिकटवायची खळ वाटायची.

सासूला मी आत्या म्हणायचे. ती चांदवडकडची. लग्नानंतर नाशिकला आली, लवकर विधवा झाली आणि विड्यांवर तिनं मुलगा वाढवला. आमच्या कामगार वस्तीतल्या दोन खोल्यांच्या दारात ती दिवसभर बसलेली असे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. शेजारीण तिचं सूप घेऊन समोर बसायची. दोघींचे हात चालायचे आणि तोंडंही. नवरा कारखान्यात पाळीवर. मी पेठ तालुक्यात एका डोंगरातल्या गावी शाळेवर होते. तिथे भाड्याची एक गळकी खोली होती आणि मूल सांभाळणारं कुणी नव्हतं. बाळंतपणाची रजा संपली होती, बिनपगारीही संपत आली होती. जूनमध्ये हजर झाले नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आमच्या घराण्यात नोकरी करणारी मी पहिली बाई. ती जागा मी सोडणार नव्हते. आत्याला ते ठाऊक होतं, म्हणून तिनं अट बरोबर तिथेच घातली.

मी एकदा विचारून पाहिलं, "आत्या, तिच्यापुरतं मसाला घालायच्या आधी थोडं वरण बाजूला काढलं तर?"

"या घरात दोन पातेली चढत नाहीत. पोरीच्या जातीला तर नाहीच."

"मास्तरीणबाई," शेजारीण म्हणाली, "शाळेत एवढी पोरं पास करता, घरची एक पास व्हईना?"

अडचण खरी होती. सहाव्या महिन्यापासून मुलीनं जे खाल्लं ते सगळं फडक्यातून गाळलेलं. जिभेला काम म्हणून नव्हतं. खाली दोन दात आले होते, पण त्यांचा उपयोग बोट चावण्यापुरता. भाताचं एखादं शीत चुकून राहिलं तरी ती डोळे मोठे करून ओकारी काढायची. आणि आमच्या घरी रोज बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याचं कालवण आणि वर कांद्याची चटणी.

एप्रिलमध्ये मी फडकं धुऊन ठेवून दिलं. आधी सत्त्वाऐवजी भरडलेल्या नागलीची दाटसर पेज दिली. ती चालल्यावर मऊ भात, अंगठ्यानं चिरडलेला. मग भात नुसता दाबलेला. मग वरणात तासभर भिजवलेला भाकरीचा मऊ भाग, कडा काढून. प्रत्येक पायरीला ती ओकली. चेहरा लाल व्हायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. मी पाठ थोपटायला जात नसे. खोकते आहे, आवाज येतो आहे, म्हणजे घशात अडकलेलं नाही. आवाज बंद झाला असता तर उलटी धरून पाठीत मारायची, एवढं मला माहीत होतं. तशी वेळ आली नाही. मी थांबायचे, तोंड पुसायचे आणि दुसरा घास पुढे करायचे.

"आई हाय का कोन," आत्या शेजारणीला ऐकवायची. दुसऱ्या दिवशी तीच म्हणायची, "लय सावकाश चाललंय. जून काय तुझ्यासाठी थांबतोय व्हय?"

मुलगी वाळली. उन्हाळा, त्यात अर्धं पोट. अंघोळ घालताना फासळ्या हाताला लागायच्या. मी पेजेकडे परत गेले नाही. मूल उपाशी असतं तेव्हाच नवं खातं, भरल्या पोटी कुणीच काही शिकत नाही. मे उजाडेपर्यंत ती भाकरी हिरड्यांनी चिरडायला लागली. कालवणातला बटाटा मी वाटीभर पाण्यात खळखळून धुऊन द्यायचे, म्हणजे मसाला निघून जाई. पुढे धुणं कमी करत नेलं. पुढे नुसता बुडवून काढायचा. शेवटी तोही थांबवला. नाक गळायचं, पण खायची. मला वाटलं, जमलं.

मग आत्या म्हणाली, "आण इकडं. तुझ्या हातचं खाईल गं. तू जानार. माझ्या हातचं खाती का बघू."

तिनं सूप बाजूला केलं, हात धुतले, भाकरी कालवणात मोडून घास दिला. मुलीनं तो तोंडात घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि थुंकून टाकला. दुसराही. तिसऱ्याला तोंडच उघडलं नाही. त्याच ताटातला घास मी दिला, तो तिनं खाल्ला.

"शिकवून ठेवलंय पोरीला," आत्या म्हणाली.

"एवढ्याशा पोरीला काय शिकवणार?"

"तुझा धंदाच हाय शिकवायचा."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. कारण मला कळेना. मग एकदा आत्यानं मुलीनं नाकारलेला भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला, "खा, वाया घालवू नको," म्हणून. मी तो तोंडात टाकला आणि समजलं. कडू होता. तंबाखू. इतक्या वर्षांत ती तिच्या नखांत, बोटांच्या चिरांत जाऊन बसली होती. पाण्यानं निघणारी नव्हती.

संध्याकाळी नवरा जेवायला बसला तेव्हा मी म्हटलं, "आत्या, तिला भरवायच्या आधी हात साबणानं धुवाल का? बोटांना तंबाखू राहते. तिला कडू लागतं."

आत्यानं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "हे हात धुऊन निघायचे नायत. ह्याच हातांनी तुझा नवरा मोठा झाला. विचार त्याला, कडू लागलं का."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "भाकरी वाढ."

त्या दिवसापासून आत्यानं मुलीला भरवण्यापूर्वी हात धुणंच बंद केलं. सुपातला हात थेट ताटात. मी बोलले त्याचं हे उत्तर होतं. मुलीला स्वतःच्या हातानं खायला शिकवावं तर त्या वयात निम्मं जमिनीवर जायचं, आणि सांडलेलं आत्याच्या पानांवर गेलं की ती पोरीचा हात धरून बाजूला ढकलायची. तो रस्ता बंद होता.

याच सुमारास अंगावरचं दूधही तोडायचं होतं. त्याचा उपाय आत्यानंच सांगितला, "कडुनिंब वाटून लाव. दोन दिवसांत सोडती." मी पाला वाटून लावला. पहिल्या दिवशी मुलगी तोंड लावून किंचाळली. दुसऱ्या दिवशी तोंड लावलं, सोडलं, रडली, परत लावलं. तिसऱ्या दिवशी कपाळाला आठ्या घालून पीत राहिली. कडुनिंबासकट.

आत्या हसली. "आईवर गेलीय. चिवट."

मी हसले नाही. मला माझं उत्तर मिळालं होतं. भुकेलं मूल कडूला सरावतं. आत्याचे हात बदलणार नव्हते, म्हणून मुलीची जीभ बदलायची.

दुसऱ्या दिवशी पंचवटीच्या बाजारात जाऊन मी कारली आणली, चांगली जून, गडद हिरवी. भाजीवालीनं कडेवरच्या मुलीकडे पाहून विचारलं, "घरात कुणाला साखर हाय का, ताई?"

"नाही. हिच्यासाठी."

तिनं एक कारलं वर जास्तीचं टाकलं.

कारली उकडून, मीठ घालून, भाकरीत कुस्करून देऊ लागले. गूळ नाही, चिंच नाही. शिवाय भरवायच्या आधी निंबाचा पाला चुरगाळून बोटांना लावायचे, म्हणजे घासाआधी बोट कडू लागावं. मुलगी रडली की ताट उचलून ठेवायचे. दूध नाही, पेज नाही. पुढच्या वेळी तेच ताट, तीच बोटं. ती माझ्या हाताकडे आशेनं बघायची, वास घ्यायची आणि मान फिरवायची. मग भूक लागायची आणि मान परत वळायची.

नवऱ्यानं एकदा दारात उभं राहून विचारलं, "हे काय चालवलंयस?"

"नोकरी वाचवतेय. तुम्ही भरवता का हिला, मी गेल्यावर?"

त्यानं चपला घातल्या आणि तो बाहेर गेला.

माझी आई भेटायला आली तेव्हा तिनं नातीला मांडीवर घेऊन गूळ-तूप घातलेला भाताचा घास दिला. मुलीनं तो असा खाल्ला, की बोट सोडेना. मी वाटी काढून घेतली. आई म्हणाली, "तुला जन्म दिला तेव्हा मला वाटलं नव्हतं अशी निघशील." तिला उत्तर द्यायला मला वेळ नव्हता. शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते.

मुलगी शिकली. कारल्याचा घास ती भाकरीच्या घासासारखा, कपाळावर आठी न आणता गिळायला लागली. मी तिला उचलून दारात नेलं आणि आत्यापुढे ठेवलं. "भरवा."

शेजारीण होतीच. आत्यानं सुपातला हात झटकलाही नाही. भाकरी मोडली, कालवणात बुडवली, घास दिला. मुलीनं खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला स्वतःहून तोंड उघडलं.

"झाली की पास," शेजारीण म्हणाली.

आत्याच्या तोंडावर आनंद दिसला नाही. मी नापास होईन आणि घरात राहीन, स्वयंपाक-पाणी माझ्यावर टाकून तिला मोकळेपणानं विड्या वळता येतील, असा तिचा हिशेब असणार. ते मला त्या क्षणी कळलं. तिनं बोटाच्या टोकावर कांद्याची चटणी घेतली आणि ती मुलीच्या जिभेवर ठेवली. मी पुढे झाले नाही. मुलगी किंचाळली, नाकातोंडातून पाणी आलं, हात-पाय झाडले. शेजारीण म्हणाली, "अगं, पुरे की." थोड्या वेळानं मुलीचं रडं ओसरलं आणि ती पुन्हा आत्याच्या हाताकडे तोंड करून आ करून बसली.

आत्यानं हात खाली घेतला. "कुठली गाडी हाय तुझी?"

"सोमवारी, पहाटेची."

"जा मग."

मी गेले. पहिल्या आठवड्यात अंगावरचं दूध दाटून यायचं. मधल्या सुट्टीत शाळेमागे जाऊन पिळून टाकायचे आणि पुन्हा वर्गावर यायचे. पाऊस लागला, घाटात दरड आली आणि दोन शनिवार नाशिकला येता आलं नाही. तिसऱ्या शनिवारी आले तेव्हा मुलगी दारात आत्याच्या गुडघ्याला टेकून बसली होती. अंगानं भरली होती. फासळ्या दिसत नव्हत्या. एवढ्यासाठी तरी मी आत्याला मानलं.

मी साबणानं हात धुतले, ताट घेऊन समोर बसले आणि भाकरी वरणात मोडली. मुलीनं घास घेतला, जिभेवर इकडून तिकडे फिरवला आणि जिभेनंच बाहेर ढकलला. मी दुसरा दिला. तोही बाहेर. ती रडली नाही, रागावली नाही. परक्या घरचं जेवण नको म्हणावं तशी तिनं मान वळवली.

"अळणी लागत असंल," शेजारीण म्हणाली.

आत्यानं विडी वळता वळता डाव्या हातानं ताट ओढलं आणि तेच वरण, तीच भाकरी तिच्या तोंडात घातली. मुलीनं खाल्ली.

"तुझं काम हाय हे," आत्या म्हणाली. "मी नाय लावली सवय."

"माहीत आहे."

कारली, निंब, उपास, सगळं करून मी जे मागितलं होतं ते मला मिळालं होतं. मूल दुसऱ्याच्या हातचं खात होतं आणि माझी जागा शाबूत होती. तक्रार करायला मला तोंड नव्हतं, आणि तक्रार ऐकणारंही तिथे कुणी नव्हतं. मी ताट पुन्हा माझ्याकडे घेतलं. मुलीनं माझ्या बोटांचा वास घेतला आणि आत्याकडे पाहिलं.

आत्यानं मांडीवरचं सूप उचललं आणि आम्हा दोघींच्या मध्ये ठेवलं.

"घे की," ती म्हणाली. "लाजतीस कशाला?"

शेजारणीचे हात थांबले. मी बोटं तंबाखूत घातली, नखांपर्यंत फिरवली, झटकली आणि भाकरी मोडली. मुलगी माझ्याकडे वळली. घास खाल्ला, दुसऱ्यासाठी आ केला. मी ताट संपेपर्यंत भरवत राहिले. मग आत्यानं सूप परत मांडीवर ओढून घेतलं आणि पुढचं पान कापायला घेतलं.