गाडीचा खांदा

आमच्या गल्लीत अजूनही कुणीतरी माझ्या बायकोला विचारतं, "काकू, तुमच्या वजनानं गाडी जळाली म्हणं?" ती हसते आणि पुढं जाते. ही आवई माझ्या तोंडून उठली. मला ती मोडायची आहे.

केजमध्ये मोटारी भरण्यात माझं आयुष्य गेलं. भरणं म्हणजे जळालेल्या पंपाच्या मोटारीत तांब्याची नवी तार गुंडाळणं. बोअरमधून वर काढलेल्या मोटारीला हात लावून मी तिचा रोग सांगायचो आणि लोक मान डोलवायचे. पुढं डोळे थकले, काम सुटलं, निकाल देण्याची खोड मात्र सुटली नाही.

घरी बैल होते तोवर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदेमळणी माझ्याकडं असायची. कोमट पाणी, हळद आणि तूप घेऊन जुवानं घट्टे पडलेले खांदे चोळायचे. बैल विकले. गोठ्यात त्यांच्या जागी सूनबाईची बॅटरीवरची स्कूटी उभी राहू लागली. सूनबाई तिच्यावरून अंगणवाडीला जायची. माझ्या बायकोचे गुडघे कधीच रुसले होते. स्कूटीच्या मागच्या सीटमुळं तिला नांदूरघाटचा बाजार परत मिळाला. बाजाराच्या दिवशी ती सकाळपासून लुगडं नेसून तयार असायची.

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी घरात मी एकटाच होतो. हात शिवशिवत होते. गाडीला खांदा कुठं असतो, यावर मी बराच विचार केला. ओझं पेलते ती सीट, तेव्हा खांदा सीटखालीच असणार. सीट उचलली, तांब्याभर हळदीचं कोमट पाणी मनोभावे ओतलं, वरून तूप चोळलं. पाण्यानं काही बिघडेल असं डोक्यातच आलं नाही. मी जन्मभर हाताळलेल्या मोटारी बोअरमध्ये बुडूनच चालायच्या!

पोळा झाल्यावर सासू-सुना दोघी स्कूटीवरून दळणाचं पोतं घेऊन येत होत्या. वेशीजवळ गाडीनं दोन गचके दिले आणि थांबली. ढकलत आणली. चाबी बंद होती, ब्रेक सुटा होता, तरी मागचं चाक अडखळत, जड फिरत होतं. गल्ली गोळा झाली. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी चाकाला हात लावला आणि भारदस्तपणे म्हणालो, "मोटार गेली. लोड झाला."

गल्लीनं आधी पोत्याकडं पाहिलं, मग माझ्या बायकोकडं. तिनं पोतं आत ओढलं.

दुसऱ्या दिवशी दोघी बाहेर गेल्यावर मी नीट तपासणी केली. ही मोटार चाकाच्या आतच असते. तिच्या तीन जाड वायरी सीटखालच्या डबीत जातात आणि त्या डबीतली पाटी मोटारीला कधी, किती वीज द्यायची ते ठरवते. मी त्या तिन्ही वायरी डबीतून सोडवल्या आणि चाकाला ढकललं. भिंगरीसारखं फिरलं! मग वायरींची टोकं दोन-दोन जोडून पाहिली. प्रत्येक जोडीला चाक सारखंच जड व्हायचं, सोडली की मोकळं. म्हणजे मोटार ठणठणीत होती आणि दोष डबीत होता, तिथंच वायरी आतून एकमेकींना चिकटल्या होत्या. डबी उघडली. आत पिवळं पाणी साचलेलं, पाटीवर काळा डाग आणि वर तुपाचा तवंग. मी सगळं टॉवेलानं पुसलं आणि संध्याकाळी एवढंच म्हणालो, "मोटार वाचली. डबी बदलावी लागेल."

"लोडनंच ना?" बायकोनं विचारलं.

मी खोकलो.

नवी डबी अंबाजोगाईहून आणली. मी वायरी जोडल्या, सूनबाईनं मूठ पिळली, तर चाक उलटं फिरलं.

"मामा, ही तर माघारी चालली. आपल्याला पोळ्याच्या आदी न्यायचा इचार हाय का काय तिचा?"

वायरींच्या जागा बदलून पाहता पाहता चाक सुलट फिरू लागलं. सूनबाईनं हाक मारली, "आत्या, बसा. बाजाराला जाऊ."

"नगं माय. परत जळंल. तुजे मामा मोटारीतलं लई जाणत्यात." ती उंबऱ्यात उभी होती, आणि अंगावर बाजाराचं लुगडं होतं.

ते लुगडं पाहिलं आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. "लोड न्हवता," मी म्हणालो. "म्या खांदा मळला."

"कुणाचा?" सूनबाई.

"गाडीचा."

सूनबाई पदर तोंडाशी धरून खालीच बसली. बायको मात्र हसली नाही. "हळदीचा डबा निम्मा झाला, टॉवेल पिवळा, तुपाचा वास. त्यो टॉवेल धुतला कुणी? म्या कवाच वळखलं."

"मंग बोलली कावून न्हाईस?"

"निकाल तुमी दिलता. फिरवायचा बी तुमीच. आन दिलता गल्लीत, तवा फिरवा बी गल्लीत."

ती स्कूटीवर बसून गेली आणि मी पारावर जाऊन सगळं सांगितलं. कुणाचाही विश्वास बसला नाही. एकजण तर पाठ थोपटून म्हणाला, "काका, या वयात बी काकूला किती सांभाळून घेताव!" म्हणून हे कागदावर उतरवलं. कागदाची पाठ तरी कुणी थोपटणार नाही.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गोठ्याकडं फिरकलोही नाही. संध्याकाळी बायकोच हळद-तुपाची वाटी घेऊन आली, माझ्यासमोर बसली आणि पाय लांब केले.

"खांदा हितं हाय," गुडघ्यावर हात ठेवत ती म्हणाली. "मळा."