तिसऱ्या महिन्यातलं टायपिंग

माझी नोकरी वडिलांच्या जागेवरची. ते सरकारी कचेरीत कारकून होते, सेवेत असतानाच गेले आणि अनुकंपेवर मला घेतलं. अट एकच होती, दोन वर्षांत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर घरी. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर अजून यायचा होता. दोनदा मी आपटले होते. मुदतीत बसणारी शेवटची परीक्षा दीड महिन्यावर आली आणि मला दिवस गेल्याचं कळलं.

खरं सांगते, आनंदाच्या आधी राग आला. पोटातल्या जिवाचा नव्हे, वेळेचा. माहेरी, शिरोळला, आई एकटी होती आणि तिचं घर माझ्या पगारावर चालायचं. लग्नाच्या बोलणीतच मी हे सांगून टाकलं होतं आणि नवऱ्यानं हो म्हटलं होतं. नोकरीच गेली तर आईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात फिरायचं.

आणि मग मळमळ सुरू झाली. सकाळचीच असते म्हणतात, माझी सकाळ दिवसभर चालायची.

सासर पेठेतलं. मागं परड्यात दोन म्हशी, सकाळी गल्लीतली माणसं तांबे, किटल्या घेऊन दारात. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्यांचा जीव त्या म्हशींवर, त्यामुळं औषध एकच, दूध. भला मोठा पेला पुढं धरून म्हणायच्या, "पी. दूध हाय, वीख न्हाय." नुसत्या वासानं मी मोरीकडं पळायची. म्हशीचा अपमान झाल्यासारखं त्यांचं तोंड व्हायचं.

एक दिवस त्या वैतागून म्हणाल्या, "येवढं हुतंय तर बस की घरात. परीक्षा काय, परत येतीया."

"परीक्षा येतीया, आत्या. नोकरी न्हाय येत परत."

त्या पेला उचलून परड्यात गेल्या. पाचवा महिना लागेपर्यंत बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, एवढं मात्र बजावून ठेवलं होतं. त्यामुळं क्लासमध्ये सांगायची सोय नव्हती.

टायपिंगचा क्लास मंगळवार पेठेत, एका दुकानाच्या माडीवर. रिबनच्या शाईचा आणि मशिनच्या तेलाचा वास जिन्यातच गाठायचा. मी रुमालात लिंबाची पानं चुरगाळून न्यायची, पर्समध्ये चिरमुरे. तरी पहिल्या आठवड्यात चार वेळा जिना उतरून गटार गाठलं. सर साठीचे, तोंडानं फटकळ. ते म्हणाले, "ताई, टायपिंग शिकताय का जिना मोजताय?" मी पित्त झालंय म्हणाले. पित्ताच्या नावावर त्या काळात मी काय काय खपवलं, विचारू नका.

माझी खोड सरांना ठाऊक होती. एक शब्द मारला की मी मान वर करून कागदावर तो बरोबर उमटला का बघायची. लिहिलेलं वाचल्याशिवाय हातातनं सोडायचं नाही, ही वडिलांची शिकवण. कारकुनाला चांगली, पण टायपिंगमध्ये त्या बघण्यातच माझा वेग जायचा. दोन्ही वेळा मी त्यामुळंच नापास झाले होते. सर रोज ओरडायचे, "वर बघू नका. कागद काय उडून जातोय व्हय?" कळत होतं, वळत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट ध्यानात आली. मान वर केली की समोर मशिनवरचं कागद धरणारं कॅरेज सरकताना दिसायचं आणि राधानगरीच्या वळणांवर एसटीत व्हायचं तसं पोटात ढवळून यायचं. नजर बाजूच्या उताऱ्यावर खिळवून ठेवली तर मळमळ गळ्यापर्यंत यायची, पण तिथंच थांबायची. म्हणजे बघितलं की उलटी. दीड वर्ष सरांना जे जमलं नाही ते या मळमळीनं आठ दिवसांत केलं. ज्या दिवशी मी एकदाही वर बघितलं नाही, त्या दिवशी सर पलीकडच्या टेबलावरून नुसता आवाज ऐकत होते. म्हणाले, "आज ह्या मशिनवर कोण बसलंय?"

सगळे दिवस असे नव्हते. एकदा क्लासला जाताना रस्त्याच्या कडेला बसून मी ढसाढसा रडले. नवरा स्कूटर धरून मुकाट उभा राहिला आणि मग मला घरी न नेता क्लासलाच नेलं. त्याचं ते मुकाट राहणं मला फार आवडलं.

परीक्षेचं केंद्र एका शाळेत होतं. आमची मशिनं क्लासच्या टेम्पोतून आली. पहिला भाग वेगाच्या उताऱ्याचा. तो सुरू झाला आणि निम्म्यावर पुढच्या बाकावरून खोबरेल तेलाचा वास आला. पोटातलं सगळं वर आलं. उठले तर वेळ गेली, वेळ गेली तर नोकरी गेली. तोंड घट्ट मिटलं आणि आलेलं गिळलं. सांगताना आजही किळस येते, पण गिळलं. बोटं थांबवली नाहीत. वेळ संपली तसा कागद ओढून काढला, हात लांब करून पर्यवेक्षक बाईंच्या हातात दिला आणि मग अंगावर उलटी झाली.

बाईंनी आधी कागद निरखला. कोरडा होता. "कागद सांभाळलासा, साडी न्हाय सांभाळली," त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "कितवा?"

"तिसरा."

"पुढच्या भागाला मशिन खिडकीपाशी घ्या."

घरी आल्यावर सासूबाईंनी साडी बघितली आणि बादलीत भिजत घातली. दुसऱ्या दिवशी दुधाचा पेला आला नाही. वाटीभर चिरमुरे आणि लिंबाची फोड आली.

निकाल लागला तेव्हा पाचवा नुकता लागला होता. मी पास झाले होते. आईला फोन केला, ती बराच वेळ नुसती रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई घरच्या दुधाचे पेढे घेऊन दारात बसल्या आणि प्रत्येक तांब्याबरोबर एकेक पेढा देत राहिल्या. मी आतून ऐकत होते. शेजारची बाई म्हणाली, "कशाचं पेढं? सुनेला दिवस गेल्यात व्हय?"

"ते हायच की," सासूबाई म्हणाल्या. "पण पोट काय, आपसूक दिसंल समद्यास्नी. माझी सून परीक्षा पास झालीया, नोकरी पक्की झालीया तिची. ते मी सांगितल्याबिगर कुणाला दिसायचं?"